पद्मिनी की ॲम्बेसिडर?

परळच्या आमच्या गॅरेजात पद्मिन्याच जास्त यायच्या. मुंबईची टॅक्सी तेव्हा तीच होती ना! कुर्ल्याच्या प्रीमियरची ही गाडी मुळातली फियाट ११००, इंजिन १०८९ सीसीचं. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक. तिचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, पण अंगही तसंच वजनदार. म्हणून सिग्नल सुटला की पद्मिनी आधी निसटायची, गल्लीत झटकन वळायची, पेट्रोलही कमी प्यायची. बोरघाटात, पाच माणसं आणि टपावर ट्रंका असल्या, की मात्र तिला दम लागलेला ऐकू यायचा.

दोन्ही गाड्यांना मागे पाट्यांचे स्प्रिंग, ताकदही मागच्याच चाकांना. पुढे पद्मिनीला गुंडाळीचे स्प्रिंग, ॲम्बेसिडरला पिळाचे दांडे. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी डोळे मिटून ॲम्बेसिडर घेईन. मागच्या सीटवर मेहुण्याला पाय पसरून झोपताही येतं. (तो झोपायचाही.)

स्टीअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याने दोघींनी आम्हाला सारखंच छळलं. पुढे नव्वदच्या दशकात ॲम्बेसिडरला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले; मग पळण्यात पद्मिनीला तिची बरोबरी करता येईना.