आर्णीच्या उन्हात उणे ४० अंश!

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याची दुपार आहे. यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर आर्णी गाव मागे टाकले की रस्त्याच्या कडेला मातीकाम चालू आहे. तेथे एक मोठे खोदयंत्र, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात, अर्ध्या खड्ड्यात थबकले आहे. इंजिन चालू आहे, पण त्यात जोर नाही. चालकासमोर एक दिवा लुकलुकतो आहे. मेकॅनिकने आपले तपासणीयंत्र जोडले, तर पडद्यावर आकडा आला : युरियाच्या टाकीतील द्रवाचे तापमान उणे ४० अंश सेल्सिअस! सावलीतला पारा मात्र ४३ वर आहे.

आता तुम्ही विचाराल, खोदयंत्रात युरिया कशाला? तो तर कपाशीला देतात.

डिझेल इंजिनात हवा फार तापते आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. अशी तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे फुप्फुसांना घातक असतात. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी धुराच्या नळीत युरियाच्या द्रावणाचा बारीक फवारा सोडतात. उष्णतेने युरियापासून अमोनिया होतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीवर अमोनिया आणि ती ऑक्साइडे यांची गाठ पडते, आणि त्यांतून निरुपद्रवी नायट्रोजन वायू आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. आपल्या देशात मालमोटारींना १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही मानके लागू झाली. बांधकामाच्या यंत्रांसाठीची कडक मानके २०२१ पासून आली. तेव्हापासून टिप्परांत आणि अनेक मोठ्या यंत्रांत डिझेलच्या टाकीशेजारी ही दुसरी टाकी सर्रास दिसू लागली.

या द्रावणात वजनाने ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षाररहित शुद्ध पाणी असते. हाच आकडा का? कारण या प्रमाणात द्रावण सर्वांत उशिरा, म्हणजे उणे ११ अंशांना गोठते. आर्णीला त्याचे काय, असे वाटेल. पण तोच टिप्पर उद्या लडाखच्या रस्त्यावर जाऊ शकतो! आपल्याकडची अडचण उलटी आहे. ३० अंशांपर्यंत ठेवलेले द्रावण सुमारे वर्षभर टिकते, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. वैशाखात उन्हात ठेवलेल्या पिंपाचे काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

द्रावण बरोबर आहे की कोणी नुसते पाणी ओतले, हे यंत्राला कसे कळते? टाकीत एक संवेदक, म्हणजे सेन्सर असतो. पुष्कळ यंत्रांत तो ध्वनीचा उपयोग करतो. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनीचा एक ठोका द्रवातून समोरच्या पट्टीवर आदळून परत येतो आणि त्याला लागलेला वेळ मोजला जातो. २० अंशांच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, तर योग्य द्रावणात १,६०० मीटरांहून अधिक. जाऊन-येऊन अंतर १० सेंटीमीटर धरले तर पाण्यात सुमारे ६८ मायक्रोसेकंद लागतील आणि द्रावणात त्याहून सुमारे ६ कमी. तुम्ही गणित करून पाहा. एवढ्याशा फरकावर सारा निवाडा!

पण येथे एक मेख आहे. पाणी २० वरून ३० अंशांपर्यंत तापले तरी त्यातला ध्वनीचा वेग सुमारे २७ मीटरने वाढतो. मग वेग वाढला तो युरियामुळे की उष्णतेमुळे? हे ठरवायला द्रवाचे तापमान ठाऊक हवे. म्हणून संवेदकाबरोबर एक छोटा तापमापक रोध असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि थंड झाला की वाढतो. आता त्याची तार तुटली असे समजा. तुटलेल्या तारेचा रोध अनंत! यंत्राला वाटते, एवढा प्रचंड रोध म्हणजे द्रव भलताच थंड असला पाहिजे. त्याच्या मापनाची खालची मर्यादा बहुधा उणे ४० असते. तोच आकडा ते दाखवते. म्हणजे आपल्या पोकलेनच्या पडद्यावरचा आकडा तापमानाचा नव्हताच. ‘माझी तार तपासा’ एवढेच तो सांगत होता.

म्हणून जाणता मेकॅनिक लगेच नवा संवेदक मागवत नाही. तो आधी दुसरा साक्षीदार शोधतो. टाकीतले थोडे द्रावण काचेच्या भांड्यात घेऊन पाहतो. ते पाण्यासारखे नितळ आहे का? वर डिझेलचा तवंग आहे का? मग एक थेंब अपवर्तनमापकाच्या काचेवर ठेवतो. प्रकाश किती वळला यावरून युरियाचे प्रमाण कळते. येथे ३२.५ आले आणि संवेदक २० म्हणत असला, तर संशय संवेदकावर. टाकी नुकतीच भरली असेल तर तो थोडा थांबतो, कारण हवेचे बुडबुडे ध्वनीला अडवतात. सकाळी, यंत्र रात्रभर बंद असताना, टाकीतला द्रव, इंजिनातले पाणी आणि बाहेरची हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी हवीत. ही फुकटची परीक्षा मला सर्वांत आवडते.

त्यानंतर जोडणी. युरियाचे द्रावण बारीक फटींतून वर चढते आणि वाळून पांढरे स्फटिक होते. तांब्याच्या पिना त्याने हिरव्या पडतात. संवेदकाची माहिती दोन पिळलेल्या तारांवरून इंजिनाच्या संगणकाकडे जाते आणि या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी तोडून मोजले तर किती ओहम यावेत? समांतर जोडणीचा धडा आठवा : ६०. मीटरने १२० दाखवले, तर एक रोध गेला आहे किंवा तार कोठे तरी तुटली आहे. संवेदक बदलून ती सांधणार नाही!

याच्या उलटही घडते, आणि ते जास्त वाईट. शेतीचा युरिया विहिरीच्या पाण्यात बरोबर ३२.५ टक्के विरघळवला, तर ध्वनीही फसतो आणि प्रकाशही. दोघेही ‘ठीक’ म्हणतात. पण विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि खताच्या दाण्यांवर निंबोळी तेलाचा लेप असतो. हा कचरा फवारणीचे तोंड बुजवतो, जाळीवर बसतो आणि महागडा उत्प्रेरक निकामी करतो. शिवाय शेतकऱ्यासाठी सरकारी अनुदानाने स्वस्त केलेले खत यंत्रात ओतणे बेकायदेशीरही आहे. काहीजण तर संवेदकाच्या जागी ‘सारे ठीक’ असे खोटे संदेश देणारी डबी बसवतात. दिवा विझतो, विषारी वायू मात्र शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बायांच्या श्वासात जातो.

संवेदक असा फसतो कसा, हे घरी पाहता येईल. शीतपेयाच्या नळीचे एक टोक मातीच्या गोळीने बंद करा, आत थोडी वाळू घाला. ती साध्या पाण्यात उभी तरंगली की पाण्याच्या पातळीवर खूण करा. मग मिठाच्या पाण्यात तरंगवा. खूण वर येईल. आता दुसऱ्या पेल्यात साखर थोडी थोडी विरघळवत जा, नळी नेमकी तेवढीच वर येईपर्यंत. दोन्ही पेले मित्रासमोर ठेवा आणि नळी वापरून मीठ कशात आहे ते ओळखायला सांगा.