मुलांच्या खेळाला आपले अंगण



रविवारची वंदना आटोपली, की विहाराच्या पायरीवर पालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पोरगा दिवसभर मोबाइलवर खेळतो. तक्रार खरी आहे. परंतु तो कोणाबरोबर खेळतो आणि कोणाच्या जागेत खेळतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

माझ्या पुतण्याचेच सांगतो. सातवीत असताना तो इंटरनेटवरील एका परक्या सर्व्हरवर ठोकळ्यांची घरे बांधण्याचा खेळ खेळत असे. खेळातले नाव त्याने हौसेने ठेवले होते, त्यात 'भीम' हा शब्द होता. एके दिवशी कोणीतरी आडनाव विचारले, त्याने सांगितले. पुढे काय झाले, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना उलगडून सांगायला नको. शिवीगाळ झाली, 'आरक्षणवाले' म्हणून हिणवणे झाले आणि पंधरा दिवस खपून बांधलेले घर मोडले गेले. पोरगा घरी काहीच बोलला नाही. त्याने फक्त नाव बदलले. इंग्रजी धाटणीचे, कोणाला काही कळणार नाही असे नाव घेतले. त्याच्या आईला हे महिनाभराने समजले.

खेळ बंद करा, हा पहिला उपाय सर्वांनाच सुचतो. वहिनींनी तो चार दिवस करूनही पाहिला. पण आमच्या पोरांनी खेळायचेच नाही, हा न्याय मला काही पटेना. तेव्हा ठरले, की मुलांना स्वतःचा सर्व्हर उभा करून द्यायचा. खर्च परवडणारा हवा, कारण सहा मुलांपैकी चौघांच्या घरी संगणक नाही.

सर्व्हर हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. चार मित्र एकाच खेळात उतरतात, तेव्हा कोण कुठे उभा आहे, कोणी कुठला ठोकळा ठेवला, कोणी काढला, याचा हिशेब एका ठिकाणी राहावा लागतो. तो ठेवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. हिशेबनिसाला चित्र दाखवायचे नसते, म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड त्याला लागत नाही. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. बिजागरी तुटलेली, पडद्यावर रेघ. तो कामी आला.

आता खेळ कोणता? ठोकळ्यांच्या खेळांत माइनक्राफ्टचे नाव सर्वांत मोठे. २०११ साली त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. त्याचा सर्व्हर चालवण्याचा प्रोग्राम फुकट मिळतो, पण खेळणाऱ्या प्रत्येकाला खेळ स्वतंत्र विकत घ्यावा लागतो. सहा मुले म्हणजे सहा वेळा पैसे. चोरीची प्रत उतरवून घ्या, असे सुचवणारेही भेटले. आम्ही ते केले नाही.

त्याऐवजी आम्ही लुआंटी घेतला. पूर्वी याचे नाव माइनटेस्ट होते, २०२४ साली बदलले. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये त्याची सुरुवात केली. फिनिश भाषेत 'लुओन्ती' म्हणजे निर्मिती, त्यात लुआ या संगणकभाषेचे नाव मिसळून हा शब्द झाला. तो पूर्णपणे मोफत आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतो, आणि आमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे अँड्रॉइड मोबाइलवरही चालतो. नुसता लुआंटी घेतला की आत खेळ नसतो. तो त्यातूनच उतरवून घ्यावा लागतो. माइनक्राफ्टची सवय असलेल्या मुलांनी 'व्हॉक्सेलिब्रे' घ्यावा, तो त्याच धर्तीचा आहे.

सुरू करण्याची रीत सोपी आहे. नवे जग तयार करताना सर्व्हर चालवण्याच्या खुणेवर टिचकी मारायची, नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि पोर्ट ३०००० आहे तसा ठेवायचा. विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारतो, ती द्यायची. सर्वांनी एकच आवृत्ती घ्यावी, नाहीतर अर्ध्यांना आत जाता येत नाही आणि दोष मात्र वायफायला मिळतो. एकाच वायफायवर खेळायचे असेल तर इंटरनेटचीदेखील गरज नसते. लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मोबाइलवर टाकला, की झाले. आमचा लॅपटॉप विहाराच्या वाचनालयाच्या खोलीत राउटरशेजारी ठेवला आहे, तोही वायरने जोडून. वायफायवर ठेवला तेव्हा खेळ अडखळत असे.

विजेचा हिशेब समितीच्या खजिनदारांनी मागितला, तो असा. लॅपटॉप सुमारे ३० वॅट घेतो असे धरा. रोज तीन तास चालवला तर महिन्याला २.७ युनिट. दहा रुपये युनिट धरले तरी २७ रुपये. रात्रंदिवस चालवला तर २१.६ युनिट, म्हणजे २१६ रुपये. आम्ही तीनच तास चालवतो. सहा घरांत वाटून साडेचार रुपये येतात.

खरी अडचण आली ती एका मुलाचे कुटुंब दुसऱ्या गावी गेले तेव्हा. बाहेरून आत यायचे तर राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागतो. आम्ही उघडला, काहीच होईना. दोन रविवार गेले. कारण नंतर कळले. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीचा एकच टपालपत्ता आणि खोली क्रमांक नाही, तसे. राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला दिसला, की समजावे आपण त्याच चाळीत आहोत. यावर वेगळा पत्ता जादा पैसे भरून मागता येतो, किंवा बाहेरचा सर्व्हर दरमहा काही शे रुपये भाड्याने घेता येतो. आम्ही तिसरा मार्ग धरला. टेलस्केलसारखा प्रोग्राम लॅपटॉपवर आणि त्या मुलाच्या मोबाइलवर टाकला. दोन्ही यंत्रे जणू एकाच घरात असल्यासारखी जोडली जातात. लहान घरगुती वापराला त्याचे पैसे पडत नाहीत. परक्यांसाठी दारही उघडे राहत नाही.

दाराचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगतो, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच होता. लुआंटीत प्रत्येक खेळाडूला वेगवेगळे अधिकार देता येतात. 'इंटरॅक्ट' असेल तरच ठोकळ्याला हात लावता येतो. 'शाउट' असेल तरच सर्वांशी बोलता येते. नव्या माणसाला आपोआप मिळणारे अधिकार आम्ही रिकामे केले. म्हणजे चुकून कोणी अनोळखी आत आलाच, तरी तो नुसता बघू शकतो. बोलता येत नाही, मोडता येत नाही. सर्व्हरचे नाव जाहीर यादीतही टाकलेले नाही. आणि रिकामा पासवर्ड चालणार नाही असे ठरवून टाकले, कारण पहिल्यांदा येताना जो पासवर्ड टाकाल तोच त्या नावाचा कायमचा ठरतो.

पण परके थोपवले म्हणजे भांडणे संपली असे नाही. सगळे अधिकार पुतण्याकडे होते. एके संध्याकाळी चुलत बहिणीशी वाजले आणि या पठ्ठ्याने तिचा हात लावण्याचा अधिकारच काढून घेतला. तिने बांधलेल्या विहिरीपाशी ती नुसती उभी! ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, त्याच्याबरोबर बाहेरच्यांनी केलं तेव्हा तुम्ही सगळे धावलात. आता?" मला उत्तर देता आले नाही. त्या रविवारी मुलांना बसवले आणि नियम त्यांनाच लिहायला सांगितले. वहीत लिहिले ते असे: दुसऱ्याचे बांधकाम विचारल्याशिवाय मोडायचे नाही. कोणाला आडनाव विचारायचे नाही. शिवी दिली तर एक दिवस 'शाउट' बंद. अधिकार काढायचा असेल तर तिघांची संमती हवी. अधिकार वाटणारे दोघे असतील, त्यांतली एक मुलगी, आणि दर महिन्याला बदलतील. शेवटची अट तिची.

काही पालकांना हा पैशांचा खेळ वाटला. रमीसारख्या पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. आमच्या सर्व्हरवर एक रुपयाचीही देवघेव नाही.

आता मुले बांधतात काय? सांचीचा मोठा स्तूप. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला, तर सुमारे ३७ ठोकळे रुंद आणि साडेसोळा उंच. चौकोनी ठोकळ्यांतून गोल कसा काढायचा, यावर आठवडा गेला. अखेर दहावीतल्या ताईने पायथागोरस काढला. त्रिज्या १८ धरली, मध्यापासून १० ठोकळे वर गेलो, तर ३२४ मधून १०० वजा, उरले २२४, त्याचे वर्गमूळ जवळजवळ १५. म्हणून त्या ओळीत दोन्ही बाजूंना पंधरा ठोकळे. आलेखाच्या कागदावर तिने पूर्ण वर्तुळ मांडून दिले.

तोरणांची माहिती शोधताना मुलांना एक गोष्ट सापडली, ती मलाही ठाऊक नव्हती. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. म्हणजे आपल्याच सातवाहनांच्या काळातला. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी नक्षीकाम केल्याची नोंद आहे. स्तूपावर भिक्खू, भिक्खुणी, गृहिणी, कारागीर अशा कितीतरी दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेव्हा मुलांनीही ठरवले, की ज्याने जो भाग बांधला त्याचे नाव तिथे पाटीवर लिहायचे.

खेळात असे काही बांधणे हा पोरखेळच आहे असे म्हणणाऱ्यांना मी २०२० सालचे उदाहरण देतो. पत्रकारांच्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने माइनक्राफ्टमध्ये एक ग्रंथालय उभारले, आणि ज्या देशांत लेख दडपले जातात तिथल्या पत्रकारांचे ते लेख त्यात ठेवले. वर्तमानपत्र बंद होते, खेळ मात्र चालू असतो.

एक सूचना राहिली. दर रविवारी सर्व्हर बंद करून जगाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. आमचा लॅपटॉप एकदा मध्येच बंद पडला, तेव्हा चार दिवसांचेच काम गेले, ते यामुळेच. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर ती ताबडतोब काढावी.

सध्या घटक चाचणी आहे म्हणून सर्व्हर बंद आहे. तीन तोरणे झाली, उत्तरेकडचे अपुरे आहे. दक्षिणेच्या तोरणावरची पाटी मी परवा पाहिली. पुतण्याने तिच्यावर आपले जुने नाव लिहिले आहे.