ओतप्रोत : ओतलेले नव्हे, विणलेले

श्रावण शुद्ध पौर्णिमा हा जणू सूत्राचाच सण. कोणी श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करतो, बहीण भावाला राखी बांधते, तर कित्येक घरांत सुताचे पोवते देवाला वाहून मग हातात बांधतात. या निमित्ताने, सुताशीच जन्माचे नाते असलेल्या ‘ओतप्रोत’ या शब्दाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

‘अंतःकरण भक्तीने ओतप्रोत भरले’ असे आपण सहज म्हणतो आणि डोळ्यांपुढे काठोकाठ भरलेली घागर येते. कारण मराठी कानाला त्यात ‘ओतणे’ ऐकू येते. परंतु या शब्दाचे मूळ पाणवठ्यावर नसून मागावर आहे. संस्कृतात ‘वे’ या धातूचा अर्थ विणणे. त्यापासून ‘उत’, म्हणजे विणलेले. ‘आ’ अधिक ‘उत’ म्हणजे ‘ओत’, ‘प्र’ अधिक ‘उत’ म्हणजे ‘प्रोत’. वस्त्रातील उभ्याआडव्या धाग्यांप्रमाणे एकमेकांत गुंतलेले, ते ओतप्रोत.

बृहदारण्यक उपनिषदाच्या ३ऱ्या अध्यायात, जनकाच्या सभेत, वाचक्नवी गार्गी याच शब्दांनी याज्ञवल्क्यांना प्रश्न करते : हे सर्व पाण्यात ओतप्रोत असेल, तर पाणी कशात? एकेक लोक ओलांडीत ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला थांबवितात. तरीही ती विदुषी पुन्हा उभी राहते आणि भूत, वर्तमान, भविष्य हे सारे कशात विणले आहे, असे विचारते. उत्तर मिळते, आकाशात. आणि ते आकाश अक्षरब्रह्मात. गीतेच्या ७व्या अध्यायात भगवंतांनीही सूत्रात ओवलेल्या मण्यांच्या दृष्टांतात ‘प्रोत’ हाच शब्द योजिला आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ओतलेले सांडते, आटते. विणलेला धागा मात्र वस्त्र उसवल्यावाचून निघत नाही. सणाच्या दिवशी भक्ती भरभरून ओतावी आणि दुसऱ्या दिवशी घागर रिकामी व्हावी, हा अनुभव कोणास नाही? म्हणून प्रपंचाच्या उभ्या धाग्यांत नामस्मरणाचा आडवा धागा रोज घालावा. दुकानातले माप खरे असावे, दाराशी आलेला उपाशी जाऊ नये, घरातील वृद्धांशी बोलताना शब्द मऊ असावा. असे वस्त्र एका दिवसात विणून होत नाही; पण ज्याचे विणून झाले, त्याच्या भक्तीला ‘ओतप्रोत’ हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभेल.