स्पॅम गाळणी

स्पॅम गाळणी ही एखाद्या संस्थेच्या ईमेल व्यवस्थेत येणाऱ्या संदेशांची तपासणी करून अनाहूत, फसवे किंवा घातक संदेश वेगळे काढणारी संगणक प्रणाली होय. विद्यापीठे, बँका, शासकीय कार्यालये आणि खासगी कंपन्या यांच्या मेल सर्व्हरवर अशी गाळणी बसवलेली असते. संदेश वापरकर्त्याच्या आवकपेटीत पोहोचण्यापूर्वीच तिचे बहुतेक काम पूर्ण होते. त्यामुळे कोणते संदेश आले आणि कोणते अडवले गेले, याची वापरकर्त्याला अनेकदा कल्पनाही नसते. गाळणीचा निर्णय हा संभाव्यतेवर आधारलेला अंदाज असतो. म्हणून स्पॅम आत शिरणे आणि योग्य संदेश अडणे, अशा दोन्ही प्रकारच्या चुका तिच्याकडून होऊ शकतात.

नाव आणि पार्श्वभूमी

स्पॅम हे मूळचे हॉर्मेल या अमेरिकी कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव आहे. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी नटसंचाच्या १९७० मधील एका प्रहसनात एका उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या सततच्या घोषाने बाकी संभाषण बुडून जाते. नको असलेल्या संदेशांच्या माऱ्याला हे नाव त्यावरून पडले.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या जाहिरातीचा संदेश पाठवला. हा पहिला स्पॅम ईमेल मानला जातो. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या नियमसंचाचे प्रमाण रूप प्रसिद्ध झाले. तो परस्परांवर विश्वास असलेल्या मोजक्या संस्थांच्या जाळ्यासाठी रचलेला होता. प्रेषकाने सांगितलेले नाव खरे आहे की नाही, हे पडताळण्याची सोय त्यात नव्हती. स्पॅमचा प्रश्न मुख्यतः या त्रुटीतून आणि ईमेल पाठवण्याच्या अत्यल्प खर्चातून निर्माण झाला.

१९९७ च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या सामायिक काळ्या याद्या वापरात आल्या. १९९८ मध्ये बेझच्या सिद्धांतावर आधारित गाळणीविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या एका निबंधामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. स्पॅमअसॅसिन ही मुक्त स्रोत गाळणी २००१ पासून उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

संदेशाची तपासणी टप्प्याटप्प्याने होते. कमी खर्चाच्या चाचण्या आधी आणि अधिक वेळ घेणाऱ्या चाचण्या नंतर केल्या जातात.

जोडणीच्या वेळची तपासणी

बाहेरचा सर्व्हर संस्थेच्या सर्व्हरशी जोडला जाताच त्याचा आयपी पत्ता काळ्या याद्यांशी ताडून पाहिला जातो. पत्ता यादीत आढळल्यास मजकूर न स्वीकारताच संदेश नाकारता येतो. अशा वेळी ५५० किंवा ५५४ असा नकाराचा संकेतांक पाठवला जातो. काही संस्था करडी यादी ही पद्धत वापरतात. तिच्यात अनोळखी प्रेषकाला ‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ असे तात्पुरते उत्तर दिले जाते. नियमानुसार चालणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, तर घाईने लाखो संदेश सोडणारी अनेक साधने तसे करत नाहीत. मात्र यामुळे पहिला योग्य संदेशही काही मिनिटे उशिरा पोहोचू शकतो.

नकार जोडणी चालू असतानाच देणे महत्त्वाचे असते. संदेश आधी स्वीकारून नंतर परत पाठवला, तर ज्याचा पत्ता बनावट प्रेषक म्हणून वापरला गेला आहे, त्या निरपराध व्यक्तीकडे तो जातो.

प्रेषकाच्या ओळखीची तपासणी

टपालाच्या पत्राला पाकीट असते आणि आत पत्रशीर्षही असते. ईमेललाही असे दोन प्रेषक पत्ते असतात आणि ते वेगवेगळे असू शकतात. वाचकाला फक्त आतला पत्ता दिसतो.

एसपीएफ या पद्धतीत आपल्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, हे डोमेनचा मालक जाहीर करतो. ही तपासणी पाकिटावरील पत्त्याची होते. डीकिम पद्धतीत पाठवणारा सर्व्हर संदेशावर अंकीय स्वाक्षरी करतो. वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. डीमार्क ही पद्धत या दोन्ही तपासण्यांचा संबंध वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याशी जोडते. तपासणी फसल्यास संदेश स्वीकारावा, वेगळा ठेवावा की नाकारावा, याविषयीचे डोमेनमालकाचे धोरणही ती सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या वापरकर्त्यांना दिवसाला ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही पद्धती आवश्यक केल्या.

या पद्धती प्रेषकाची ओळख सांगतात, त्याच्या हेतूची हमी देत नाहीत. फसवणूक करणारी व्यक्तीही स्वतःचे डोमेन नोंदवून तिन्ही तपासण्या उत्तीर्ण होऊ शकते. उलट, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे आपोआप पुढे पाठवलेला प्रामाणिक संदेश एसपीएफमध्ये नापास होऊ शकतो, कारण तो मधल्या सर्व्हरकडून आलेला असतो.

मजकुराची तपासणी

यानंतर विषय, मजकूर, दुवे आणि जोडलेल्या फाइली तपासल्या जातात. बेझच्या पद्धतीत प्रत्येक शब्द पूर्वीच्या स्पॅममध्ये आणि योग्य संदेशांत किती वेळा आला, याची गणना ठेवली जाते.

उदाहरणादाखल, ‘लॉटरी’ हा शब्द १,००० स्पॅम संदेशांपैकी २०० मध्ये आणि १,००० योग्य संदेशांपैकी २ मध्ये आला असे मानू. दोन्ही प्रकारचे संदेश समप्रमाणात येत असतील, तर हा शब्द असलेला संदेश स्पॅम असण्याची संभाव्यता २०० भागिले २०२, म्हणजे सुमारे ९९ टक्के होते. आता त्याच संदेशात ‘इतिवृत्त’ हा शब्दही आहे आणि तो १,००० स्पॅमपैकी १ मध्ये, तर १,००० योग्य संदेशांपैकी ५० मध्ये आढळतो असे धरू. पहिला शब्द स्पॅमच्या बाजूने १०० पट, तर दुसरा विरुद्ध बाजूने ५० पट वजन देतो. दोन्ही शब्द परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास २ : १ असे प्रमाण उरते आणि संभाव्यता सुमारे ६७ टक्क्यांवर येते. संशयास्पद शब्द आलेला प्रत्येक संदेश अडत नाही, याचे कारण हेच आहे.

संशयास्पद फाइली काही संस्थांत बंदिस्त आभासी संगणकावर उघडून त्यांचे वर्तन पाहिले जाते. त्यामुळे फाइल जोडलेला संदेश कधीकधी उशिरा मिळतो.

गुणांकन आणि निर्णय

अनेक गाळण्या प्रत्येक चाचणीला गुण देतात आणि त्यांची बेरीज करतात. स्पॅमअसॅसिनमध्ये मूळ मर्यादा ५ गुणांची असून संस्थेला ती बदलता येते. बेरजेनुसार संदेश आवकपेटीत जातो, स्पॅम कप्प्यात जातो, विलगीकरणात ठेवला जातो किंवा नाकारला जातो. स्पॅम कप्पा वापरकर्त्याच्या खात्यातच असतो. विलगीकरणातील संदेश मात्र सर्व्हरवर राहतात आणि त्यांची यादी वापरकर्त्याला ठरावीक काळाने पाठवली जाते. दोन्हीकडील संदेश ठरावीक मुदतीनंतर कायमचे पुसले जातात. जीमेलच्या स्पॅम कप्प्यात ही मुदत ३० दिवसांची आहे.

चुका आणि त्यांची किंमत

स्पॅम आत आल्यास वाचक तो सहसा ओळखून पुसून टाकतो. योग्य संदेश अडला, तर तो अडल्याचे कोणालाच कळत नाही. मुलाखतीचे बोलावणे, निविदेची मुदत किंवा वैद्यकीय अहवाल अशा संदेशांत ही चूक महागात पडते. दिवसाला १०,००० संदेश येणाऱ्या आणि त्यांतील निम्मे योग्य असणाऱ्या संस्थेत योग्य संदेश अडण्याचे प्रमाण केवळ ०.१ टक्का असले, तरी रोज ५ योग्य संदेश अडतात. म्हणून गुणांची मर्यादा ठरवणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. कोणती चूक अधिक सोसवेल, हे संस्थेला ठरवावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्यित फसवणूक असते. वरिष्ठांच्या नावाने ‘तातडीने रक्कम पाठवा’ असा दोन ओळींचा संदेश येतो. त्यात दुवा नसतो, फाइल नसते आणि शब्दही रोजच्या कामकाजातलेच असतात. असा संदेश गाळणीला ओळखणे कठीण जाते. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करणे, हाच येथे विश्वासार्ह उपाय ठरतो.

वापरकर्त्याची भूमिका

वापरकर्त्याने ‘स्पॅम आहे’ किंवा ‘स्पॅम नाही’ अशी नोंद केल्यास अनेक प्रणाली त्यातून शिकतात. स्वतः नोंदणी केलेले वार्तापत्र कंटाळा आला म्हणून स्पॅम ठरवल्यास, ते हवे असलेल्या इतर सहकाऱ्यांकडे जाणारे अंकही अडू शकतात. अशा वेळी नोंदणी रद्द करणे योग्य ठरते. अनोळखी स्पॅममधील ‘नोंदणी रद्द’ दुवा मात्र दाबू नये, कारण त्यावरून पत्ता वापरात असल्याचे प्रेषकाला समजू शकते. अनुमत यादीत संपूर्ण डोमेन घालण्याऐवजी नेमका पत्ता घालणे अधिक सुरक्षित असते. विलगीकरणाची यादी मुदत संपण्यापूर्वी पाहण्याची जबाबदारी सामान्यतः वापरकर्त्याचीच असते. मजकुराची तपासणी यंत्राकडून होत असली, तरी विलगीकरणातील संदेश पाहण्याचे अधिकार प्रशासकांना असू शकतात. त्यामुळे गोपनीयतेविषयी लेखी धोरण असणे आवश्यक मानले जाते.

मराठी मजकूर आणि गाळणी

शब्द मोजणाऱ्या पद्धतीला मराठीत विशेष अडचणी येतात. ‘बँकेत’, ‘बँकेच्या’, ‘बँकेकडून’ ही एकाच शब्दाची रूपे साध्या गणनेत वेगवेगळे शब्द ठरतात आणि प्रत्येकासाठी पुरेसा नमुना मिळणे अवघड होते. शब्दांऐवजी अक्षरांचे छोटे गट मोजल्यास ही अडचण कमी होते. दुसरी अडचण अदृश्य चिन्हांची आहे. स्पॅम पाठवणारे शब्द तोडण्यासाठी शून्य रुंदीची चिन्हे वापरतात. मात्र ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत शून्य रुंदीचे जोडचिन्ह अधिकृतपणे वापरले जाते. अशी चिन्हे सरसकट संशयास्पद मानणारा नियम शुद्ध मराठी मजकुरालाही दोषी ठरवू शकतो.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत व्यावसायिक ईमेलविषयीचा कॅन-स्पॅम कायदा २००३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. भारतात केवळ स्पॅम ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६अ मध्ये त्रासदायक आणि उगमाविषयी दिशाभूल करणाऱ्या ईमेलचा समावेश होता. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीला कलम ६६ड लागू होते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.