विश्लेषण : व्हाइटटेल, म्यूल की संकरित? अमेरिकेतील शिकाऱ्यांना हरणाची ओळख गोळी झाडण्याआधीच का पटवावी लागते?

शिंगांवर भरवसा ठेवणारे फसतात आणि सर्वांत खात्रीची खूण हरीण जमिनीवर पडल्यावरच दिसते. अमेरिका आणि कॅनडातील शिकारी हंगामात दरवर्षी उभ्या राहणाऱ्या या पेचाविषयी...

नोव्हेंबरातली पहाट. अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या पूर्व भागात नदीकाठच्या झुडपांतून एक हरीण बाहेर येते आणि तारेच्या कुंपणापाशी थबकते. दीडशे मीटरवर गवतात पालथ्या पडलेल्या शिकाऱ्याच्या खिशात टॅग आहे, पण तो फक्त व्हाइटटेल मादीचा. समोर मादी आहे एवढे नक्की. कान जरा मोठे वाटतात. शेपटी खाली आहे आणि रंगाने गडद आहे. ही व्हाइटटेल, म्यूल की दोहोंचा संकर? ठरवायला हाताशी अर्धा मिनिट असतो. अंदाज चुकला तर हरीण जाते, टॅग वाया जातो आणि वर वनरक्षकासमोर उभे राहण्याची वेळ येते.

प्रश्न मुळात येतो कुठून?

उत्तर अमेरिकेत हरणांच्या दोन मोठ्या जाती आहेत. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, पूर्वेकडच्या जंगलांपासून शेतशिवारापर्यंत सगळीकडे आढळते. म्यूल हरीण पश्चिमेकडचे. डोंगरउतार, घळी, उघडी माळराने हा त्याचा मुलूख. ‘म्यूल’ म्हणजे खेचर, त्यामुळे हेच संकरित असावे असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. १८०४ ते १८०६ या काळात पश्चिमेची वाट शोधत निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने खेचरासारख्या लांब कानांवरून त्याला हे नाव दिले. जात स्वतंत्र आहे, नाव तेवढे फसवे.

पश्चिम टेक्सासपासून कॅन्ससचा पश्चिम भाग, नेब्रास्का, कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना आणि थेट कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचवानपर्यंत मोठ्या पट्ट्यात या दोन्ही जाती शेजारी राहतात. नदीकाठच्या झाडीत व्हाइटटेल आणि वरच्या उतारावर म्यूल अशी ढोबळ वाटणी असते. पण पहाटे अल्फाल्फाच्या हिरव्या शेतात दोन्ही एकत्र चरताना दिसतात. नोव्हेंबर हा त्यांच्या मिलनाचा काळ आणि बहुतेक ठिकाणी शिकारीचाही. नर याच दिवसांत मुलूख सोडून भटकतात. म्हणून ‘इथे तर फक्त म्यूलच असतात’ हा गावकऱ्याचा दाखला याच महिन्यात सर्वांत कमी कामाचा असतो.

टॅगचा नियम एवढा कडक कशासाठी?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हा सगळा मामला मराठी वाचकाला विचित्र वाटू शकतो. तिकडची चौकट वेगळी आहे. शिकार कायदेशीर आहे, पण मोजून मापून. राज्याचा वन्यजीव विभाग हरणांची संख्या पाहून विभागवार टॅग ठरवतो. टॅग म्हणजे शिकार झाल्यावर त्या जनावराला लावायची चिठ्ठी; एका टॅगवर एकच जनावर. परवान्यांच्या शुल्कावर विभागाचा खर्च मोठ्या प्रमाणात चालतो. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो.

खरी मेख जातीत आहे. व्हाइटटेल माणसाच्या शेजारी फोफावते. मका, सोयाबीन, बागा सगळे त्याला चालते. म्यूल हरणांची संख्या मात्र पश्चिमेच्या अनेक भागांत गेल्या काही दशकांत घटली आहे. म्हणून एकाच विभागात व्हाइटटेलची मादी मारायला मुभा आणि म्यूलच्या मादीला हात लावायला बंदी, असा नियम असू शकतो. म्यूलची एक मादी चुकून गेली म्हणजे पुढची कित्येक पाडसे गेली. टेक्सासच्या परवान्यावर दोन्ही जातींचे टॅग वेगळे असतात, हंगामाच्या तारखाही वेगळ्या. ॲरिझोनात काही टॅग कोणत्याही जातीच्या नराला चालतात, तर काही फक्त एकाच जातीला.

लांबून काय पाहायचे?

पहिली चूक शिंगांपासून सुरू होते. पुस्तकी नियम सोपा आहे. व्हाइटटेलच्या शिंगाचा एक मुख्य दांडा पुढे वळतो आणि त्यावर एकेक टोक उभे राहते. म्यूलचे शिंग दुभंगते आणि त्या दोन फांद्या पुन्हा दुभंगतात, जणू गलोलीवर गलोल. पूर्ण वाढलेल्या नरात हे बहुधा जुळते. पण दीड वर्षाच्या नराला नुसता सुळका किंवा एकच दुभंग असतो आणि तो कोणत्याही जातीत दिसू शकतो. व्हाइटटेलच्या शिंगातही कधी मध्येच दुभंग निघतो. वय, खुराक, जुनी दुखापत या सगळ्यांनी शिंगाचा आकार बदलतो. आणि मादीला शिंगेच नसतात, तेव्हा प्रश्नच मिटला! त्यामुळे दुभंगलेल्या शिंगाचे व्हाइटटेल दिसताच ‘संकर, संकर’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये. त्यांतली बहुतेक शुद्ध व्हाइटटेलच असतात.

शेपटी जास्त प्रामाणिक. व्हाइटटेलची शेपटी रुंद, वरून तपकिरी, खालून पांढरीशुभ्र. दचकले की हरीण ती निशाणासारखी उभारते आणि पळताना तोच पांढरा पंखा हलताना दिसतो. म्यूलची शेपटी दोरीसारखी बारीक, पांढरट आणि टोकाला काळी; पळतानाही ती सहसा खालीच असते. तिच्या दोन्ही बाजूंना ढुंगणाचा मोठा पांढरा ठिपका कायम उघडा दिसतो. व्हाइटटेलमध्ये हा पांढरा भाग शेपटीखाली झाकलेला असतो. पॅसिफिक किनाऱ्याकडे ब्लॅकटेल नावाची म्यूलची उपजात आहे. तिची शेपटी रुंद आणि वरून काळी असते, त्यामुळे तिकडे हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

कान पाहताना ते डोक्याच्या तुलनेत मोजावेत. व्हाइटटेलचा कान डोक्याच्या लांबीच्या साधारण निम्मा, म्यूलचा पाऊण. चेहराही सांगतो. म्यूलचे तोंड फिकट आणि कपाळावर गडद डाग असतो. व्हाइटटेलचा चेहरा तपकिरी, डोळ्यांभोवती आणि नाकामागे पांढरी कडी. मादी ओळखायला कान, चेहरा आणि शेपटी या तिघांची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

आणि हरीण पळाले तर?

तर उलट बरे, कारण चाल लपवता येत नाही. व्हाइटटेल सपाटीवर लांब ढांगा टाकत भरधाव पळते आणि झाडीत शिरेपर्यंत सहसा थांबत नाही. म्यूलची घाईची चाल अगदी वेगळी. चारही पाय एकदम जमिनीवर आपटून ते चेंडूसारखे उसळते, पुन्हा चारही पायांवर उतरते. सपाट रानात ही चाल महाग पडते, पण खडकाळ चढावर, पडलेल्या ओंडक्यांवरून जाताना प्रत्येक उडीला दिशा बदलता येते आणि मागचा कोयोटी चकतो. थोडे अंतर गेल्यावर म्यूल अनेकदा थांबून मागे वळून पाहते. शिकाऱ्याला दुर्बीण लावायला तोच क्षण मिळतो.

संकरित हरणाची गोष्ट इथेच करुण होते. कॅनडातील संशोधक सुझन लिंगल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हाइटटेल, म्यूल आणि त्यांच्या संकरांच्या पळण्याचा तपशिलात अभ्यास केला. संकरांची चाल ना धड भरधाव, ना धड उसळती. दोन्हींचे पायांचे ताल एकमेकांत मिसळतात आणि कोणताच नीट जमत नाही. लांडगा किंवा पुमा मागे लागल्यावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. जंगलात प्रौढ संकर क्वचित दिसतात, त्याचे हे एक कारण मानले जाते.

संकर ओळखण्याची खात्रीची खूण कोणती?

ती मागच्या पायावर असते. मागच्या पायाच्या मध्ये जो उलटा वळलेला सांधा दिसतो, त्याच्या खाली, नळीच्या बाहेरच्या बाजूला केसांनी वेढलेली एक लांबट ग्रंथी असते. तिला मेटाटार्सल ग्रंथी म्हणतात. सांध्याच्या आतल्या बाजूला केसांचा उग्र वासाचा झुबका असतो, तो वेगळा. घाईत अनेक जण तोच मोजून बसतात.

व्हाइटटेलमध्ये ही ग्रंथी जेमतेम एक इंचाची किंवा त्याहून लहान, नळीच्या मध्यावर किंवा खाली आणि भोवती पांढरे केस. म्यूलमध्ये ती तीन इंचांहून मोठी, अनेकदा चार-पाच इंच, नळीच्या वरच्या भागात आणि भोवती तपकिरी केस. संकरात ती साधारण दोन ते चार इंच आणि कधी पांढऱ्या केसांची किनार असलेली. जोडीला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापुढची खाच पाहतात. म्यूलमध्ये ती खोल, व्हाइटटेलमध्ये उथळ, संकरात मधली. शेपटी लांब, वरून गडद चॉकलेटी ते काळी, खालून पांढरी. कान व्हाइटटेलपेक्षा मोठे. एकच खूण जुळली तर संकर म्हणू नये. तीन-चार जुळल्या तर शंका घ्यायला जागा आहे.

अडचण स्पष्ट आहे. गवतात उभ्या हरणाच्या पायावरची ग्रंथी दीडशे मीटरवरून मोजता येत नाही. म्हणजे ही खूण शिकाऱ्याला निर्णयाच्या क्षणी वाचवत नाही, नंतर खुलासा करायला तेवढी उपयोगी पडते. शिक्कामोर्तब प्रयोगशाळेतच होते. दोन्ही जातींच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन वेगळ्या प्रकारचे असते. पहिल्या पिढीच्या संकरात दोन्ही प्रकार सापडतात. आता डीएनए चाचणीने पुढच्या पिढ्यांतील मिसळही दिसते.

संकर खरेच इतके असतात का?

नाही. शिकाऱ्यांच्या गप्पांत असतात त्यापेक्षा फारच कमी. पश्चिम टेक्सासमधील पाच काउंटींत झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संकरांचे प्रमाण सरासरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघाले होते. हेही जास्तच मानले जाते; इतर बहुतेक भागांत ते याहून बरेच कमी आहे. त्याच वर्षी त्याच भागात दोन्ही जातींमध्ये आईकडून येणारा डीएनए एकसारखा आढळला. म्हणजे संकर फक्त आजचा नाही, मागच्या पिढ्यांतही झाला असणार. तरीही दोन्ही जाती वेगळ्या राहिल्या, हे विशेष.

त्याचे एक कारण वर आले, ते म्हणजे पाडसांचे जगणे अवघड. दुसरे असे की संकरित नर बहुतेक वांझ असतात, माद्या मात्र विऊ शकतात. दोन जातींच्या संकरात वांझपणा आधी नराच्या वाट्याला का येतो, याचा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला होता. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

संशय राहिला तर शिकारी काय करतात?

अनुभवी शिकारी गोळी झाडत नाहीत. ऐकायला सोपे, पण वर्षभर वाट पाहून, हजार मैल गाडी हाकून आलेल्या माणसाला ते जड जाते. ओळख दुर्बिणीतून पटवायची, बंदुकीवरच्या स्कोपमधून नव्हे. स्कोपमधून पाहायचे म्हणजे जे काय आहे हे अजून ठरलेले नाही, त्यावर नळी रोखायची, आणि झुडपामागे दुसरा शिकारीही असू शकतो. उजेड पुरेसा होईपर्यंत थांबायचे. हरीण वळेल, शेपटी हलवेल, दोन पावले चालेल, तोवर बघत राहायचे.

संकराला टॅग कोणता लावायचा, याचे उत्तर राज्यागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीचे नियमपुस्तक आणि स्थानिक वनरक्षकाचा फोन नंबर दोन्ही जवळ असलेले बरे. अनेक राज्यांत जनावराची जात आणि लिंग कळेल असा भाग, म्हणजे डोके किंवा शेपटी, घरी पोहोचेपर्यंत धडासोबत ठेवावा लागतो. रानातच सगळे सोलून मांस शीतपेटीत भरले, की म्यूल नव्हते हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. आणि चूक झालीच तर हरीण तिथेच टाकून निघून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग. मांस नासवणे हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे. स्वतःहून फोन करून चूक कबूल करणाऱ्याला दंड होऊ शकतो, हरीणही जप्त होते. पण लपवताना सापडलेल्याचा शिकारीचा परवाना काही वर्षांसाठी निलंबित होऊ शकतो.

डेन्व्हर, डॅलस किंवा कॅल्गरीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना सहकाऱ्यासोबत शिकारीला जाण्याचे आमंत्रण कधी ना कधी येतेच. शस्त्र हाती धरायची इच्छा नसेल तरी सोबत जायला हरकत नाही. दुर्बीण घ्यावी आणि हरणाच्या शेपटीकडे, मग कानांकडे, मग पुन्हा शेपटीकडे पाहावे. त्या पहाटे सोबतच्या शिकाऱ्याला दुसऱ्या डोळ्यांच्या जोडीची गरज असते.