नळाचा वॉशर आणि मुलाची खरूज

खरजेवर औषध आहे आणि ते महाग नाही. रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचे मलम लावायचे, सकाळी आंघोळ करायची. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवायचे आणि आठवड्याने हा सगळा उद्योग पुन्हा करायचा. कोणत्याही सरकारी दवाखान्यात आईला हे सांगितले जाते. ती मान हलवते, मलम घेऊन जाते आणि महिन्याभराने तेच मूल बोटांच्या बेचक्या खाजवत परत येते. मग डॉक्टर जरा चढ्या आवाजात विचारतात, ‘सांगितलं होतं तसं केलं नाही ना?’

या प्रश्नात एक गृहीतक लपलेले असते. घरात पुरेसे पाणी आहे, ते तापवायची सोय आहे, आंघोळीला आडोसा आहे, वापरलेले पाणी वाहून जायला मोरी आहे आणि ती तुंबलेली नाही, हे सगळे आपण धरून चालतो. यातले एक जरी नसेल तर सल्ला कागदावर राहतो. पण घराची तपासणी हा काही बाह्यरुग्ण विभागाचा भाग नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या एका ना-नफा संस्थेने मात्र नेमकी हीच तपासणी आपले काम मानले. हेल्थहॅबिटॅट हे तिचे नाव. गेली चार दशके ही मंडळी तिथल्या आदिवासींच्या घरांत शिरून नळ, संडास, विजेची बटणे आणि मोऱ्या तपासत व दुरुस्त करत आहेत. या कामातून त्यांनी जमवलेली माहिती घरांइतकीच डॉक्टरांच्या समजुतींचीही दुरुस्ती करणारी आहे.

सुरुवात झाली १९८५ मध्ये. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, वाळवंटात, अनांगू लोकांचा सुमारे एक लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. तिथे त्यांनी स्वतःची आरोग्यसेवा उभी केली होती, नंगानाम्पा हेल्थ कौन्सिल. तिचे प्रमुख होते यामी लेस्टर. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी त्याच वाळवंटात, इमू फील्ड येथे अणुबॉम्बची चाचणी केली. तेव्हा काळ्या धुक्यासारखे काहीतरी आपल्या वस्तीवरून गेले आणि त्यानंतर आपली दृष्टी गेली, असे लेस्टर आयुष्यभर सांगत राहिले. तर या अंध माणसाला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. दवाखाने सुरू झाले, परिचारिका आल्या, औषधे आली, तरी माणसे आजारी पडायची थांबत नव्हती. त्यांनी तिघांना बोलावले. छातीचे विकारतज्ज्ञ डॉ. पॉल टोर्झिलो, वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस आणि पर्यावरणीय आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनाऊ. काम एकच दिले. लोकांचे आजारी पडणे कसे थांबवायचे ते सांगा.

आजारांची यादी टोर्झिलोंकडे तयारच होती. जुलाब, न्यूमोनिया, कानातून वाहणारा पू, त्वचेवरचे फोड आणि गळवे, खरूज, डोळ्यांच्या खुपऱ्या. खुपऱ्या हा आजार आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. जंतुसंसर्गाने पापणीच्या आतला भाग खरखरीत होतो, पुन्हा पुन्हा झाला की पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी जाते. भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेल्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशातल्या वाळवंटी वस्त्यांत मात्र त्या कित्येक दशके टिकून राहिल्या. या आजाराला औषध आहे, पण मुलाचे तोंड रोज धुतले जाणे हाही उपचाराचाच अधिकृत भाग आहे.

खरजेची गोष्ट तर याहून गंभीर. डोळ्यांना सहज न दिसणारा एक परजीवी त्वचेत बोगदे खणतो. मूल खाजवते, नखाने त्वचा फाटते आणि त्या वाटेने स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू आत शिरतो. फोड येतात. बहुतेक वेळा ते बरे होतात. पण काही मुलांत शरीराची प्रतिक्रिया भरकटते आणि काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येते, चेहरा सुजतो, लघवी लाल होते. याच जंतूच्या संसर्गानंतर र्‍हुमॅटिक फीवर, म्हणजे सांधे धरणारा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. घशातला संसर्ग त्याला कारणीभूत असतो हे पाठ्यपुस्तकांत आहेच. त्वचेतल्या संसर्गाचाही त्यात हात असावा, असे उत्तर ऑस्ट्रेलियात काम केलेल्या संशोधकांचे मत आहे. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यायचे आणि तरुणपणी झडपेच्या शस्त्रक्रियेची वाट पाहायची, हे आपल्या सरकारी रुग्णालयांतही नवे नाही. त्या साखळीची पहिली कडी पुष्कळदा न धुतलेली गोधडी असू शकते.

मग या तिघांनी उलटा विचार केला. हे आजार टाळायला माणसाला घरात रोज काय काय करता आले पाहिजे? डॉक्टरांच्या पुराव्यावरून त्यांनी नऊ गोष्टी काढल्या आणि महत्त्वाच्या क्रमाने लावल्या. पहिली, अंग धुता येणे, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलाला दिवसातून एकदा आंघोळ घालता येणे. दुसरी, कपडे आणि अंथरूण धुता येणे. तिसरी, सांडपाणी आणि मैला घरापासून सुरक्षित दूर जाणे. चौथी, अन्न साठवता आणि शिजवता येणे. पुढे दाटीचा त्रास, प्राणी आणि किडे, धूळ, उन्हाळा-थंडी आणि किरकोळ इजा असा क्रम लागतो. या सगळ्यांच्याही आधी एक अट होती. विजेचा धक्का, गॅस, आग यांमुळे त्या घरात आज रात्री कोणी मरणार नाही, ही खात्री.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘लोकांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून देणे’ या यादीत कुठेही नाही. आरोग्य खात्यांचा सगळ्यात आवडता कार्यक्रमच त्यांनी वगळला. धुण्याची सोय चालू आहे का, एवढेच पाहायचे. सोय असेल तर लोक धुतील, यावर त्यांचा विश्वास होता.

तपासणीची पद्धत साधी, पण काटेकोर. प्रत्येक घरात सुमारे अडीचशे गोष्टी पाहायच्या. शॉवर चालू आहे असे कधी म्हणायचे? गरम आणि गार पाणी येते, दोन्ही नळ फिरतात, पाणी अंगावर पडेल अशी जाळी जागेवर आहे आणि पडलेले पाणी वाहून जाते, तरच. यातले एक नसेल तर शॉवर नापास. दुसरा नियम असा की दुरुस्तीशिवाय पाहणी नाही. सकाळी तपासणीची तुकडी घरात आली की सैल बटण, गळका नळ, तुंबलेली मोरी यांची दुरुस्ती त्याच दिवशी सुरू होते. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मागोमाग येतात. काही महिन्यांनी सगळे घर पुन्हा तपासायचे. तुकडीतले बहुसंख्य लोक त्याच वस्तीतले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले. प्रश्नावली भरून घेऊन गेलेल्या आणि पुन्हा तोंड न दाखवणाऱ्या पाहुण्यांचा अनुभव गरीब वस्त्यांना जगात सगळीकडेच असतो, म्हणून या नियमाचे मोल अधिक.

आता आकडे पाहू. फोलेरोस यांनी २०१३ मध्ये एका जाहीर भाषणात ते मांडले होते. तोवर देशभरातली ७,८००हून अधिक घरे तपासून झाली होती. पहिल्या तपासणीत शॉवर चालू असलेली घरे निघाली ३५ टक्के. चालू संडास ५८ टक्के घरांत. आणि विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरे केवळ १० टक्के. ही झोपडी नव्हे, सरकारने बांधलेली पक्की घरे होती. नळ होता, शॉवर होता, संडास होता. कागदोपत्री सगळे होते.

हे ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया काय येते ते वेगळे सांगायला नको. ‘या लोकांना घरे दिली तरी सांभाळता येत नाहीत, तोडफोड करतात.’ ऑस्ट्रेलियात हे वाक्य अधिकाऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते. हेल्थहॅबिटॅटने ते वादविवादाने खोडले नाही. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारीगराने बिघाडाचे कारण लिहायचे, अशी पद्धत ठेवली. हजारो घरांतल्या या नोंदींची बेरीज केली तेव्हा राहणाऱ्यांनी मोडतोड केली किंवा गैरवापर केला म्हणून बिघडलेल्या गोष्टी भरल्या ९ टक्के. मुळात बांधतानाच चुकलेल्या सुमारे २१ टक्के. उरलेल्या ७० टक्के बिघाडांचे कारण एकच, नेहमीची देखभाल झालीच नव्हती.

बांधतानाची चूक म्हणजे काय, तर न्हाणीघराच्या फरशीचा उतार जाळीच्या विरुद्ध दिशेला किंवा अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. देखभाल म्हणजे काय, तर वॉशर बदलणे. वाळवंटातल्या बोअरचे पाणी क्षारांनी जड. ते नळाच्या आत, पाणी तापवायच्या टाकीत पांढरा थर धरते आणि काही काळाने नळ फिरत नाही, टाकी तापत नाही. शिवाय चार-पाच माणसांसाठी बसवलेला संडास दहा-बारा माणसे वापरत असतील तर त्याची झीज तितक्याच पटीने होणार. हा गैरवापर नव्हे, वापरच आहे. शहरात राहणाऱ्याचा नळ गळला तर तो प्लंबरला फोन करतो. जिथे प्लंबर शेकडो किलोमीटरवरून येतो आणि दिवसभराचा प्रवासखर्च लावतो, तिथे नळ गळतच राहतो आणि मग एक दिवस बंद पडतो.

याचा आजारांवर परिणाम झाला का? न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य विभागाने हीच पद्धत दहा वर्षे राबवून २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. दोन हजारांहून अधिक घरे त्यात होती. ज्यांची घरे दुरुस्त झाली, त्या आदिवासी लोकांचे संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, त्याच राज्याच्या ग्रामीण भागातल्या, घरे दुरुस्त न झालेल्या आदिवासींपेक्षा ४० टक्क्यांनी कमी निघाले. एखाद्या लशीच्या बाबतीत असा आकडा आला असता तर पहिल्या पानावर बातमी झाली असती.

अर्थात हा पुरावा औषधाच्या चाचणीसारखा चोख नाही. कोणत्या घरांत दुरुस्ती करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. त्या गावांत त्याच काळात दुसऱ्या काही सुधारणाही झाल्या असतील, त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. तरीही आजार ज्या दिशेने कमी व्हावेत असे वैद्यकशास्त्र सांगते, त्याच दिशेने ते कमी झाले, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

उलट बाजूचा एक अभ्यासही सांगायला हवा. नॉर्दर्न टेरिटरी भागातल्या दहा आदिवासी वस्त्यांत सरकारने मोठ्या प्रमाणावर नवी घरे बांधली, तेव्हा संशोधकांनी बांधकामाच्या आधी आणि नंतर पाहणी केली. घरांतल्या सोयी सुधारल्या होत्या. पण घरातली गर्दी फारशी हटली नव्हती, स्वच्छतेत सुधारणा बेताचीच होती आणि मुलांच्या नेहमीच्या आजारांत सातत्याने घट दिसली नाही. म्हणजे नवीन घर हे काही जादूचे औषध नाही. आणि दुरुस्तीलाही मर्यादा आहेच. दोन खोल्यांत बारा माणसे झोपत असतील तर नळ कितीही चांगला असला तरी खोकला आणि खरूज एकमेकांना पोचणारच. त्यासाठी खोल्याच वाढवाव्या लागतात आणि ते पैसे कोणत्याही स्वयंसेवी संस्थेच्या आवाक्याबाहेरचे.

हेल्थहॅबिटॅटचे काम पुढे देशाबाहेरही गेले. नेपाळमध्ये काठमांडूजवळच्या एका खेड्यात तिथल्या स्थानिक संस्थेच्या जोडीने त्यांनी घरोघर संडास बांधायला घेतले. तिथे संडासाला गोबरगॅसची टाकी जोडली. त्या गॅसवर चूल पेटली आणि लाकडाच्या धुराने बायकांच्या व तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना होणारा त्रासही कमी होण्याची सोय झाली. गोबरगॅस आपल्या खेड्यांना नवा नाही.

पॉल फोलेरोस २०१६ मध्ये गेले, यामी लेस्टर २०१७ मध्ये. तपासणीचा कागद अजून तोच आहे. घरात शिरल्यावर आधी विजेची बटणे, मग न्हाणीघर. गरम नळ, गार नळ, जाळी, मोरी. पाणी सोडायचे आणि ते जाते का, ते उभे राहून पाहायचे.