दोन सेंटिमीटरचा माणूस

दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पहाऱ्यावरचा मावळा स्वतःच्याच दरवाजात मावत नाही आणि पायथ्याची गवळण व गुहेतला वाघ जवळपास एका मापाचे असतात. त्याचे कोणालाही काही वाटत नाही. किल्ल्यावर आकार मानावरून ठरतो, मापावरून नव्हे. छोट्या रेल्वेच्या जगात मात्र उलटा कायदा चालतो. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक वाचकांनी पाहिले असेल. तिथे किंवा कुठेही अशी मांडणी पाहताना आपली नजर आधी धावत्या गाड्यांवर जाते. पण ते जग खरे वाटते की नाही, हे बरेचसे गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसांवर ठरते.

या छंदातले सर्वांत प्रचलित माप एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. पावणेसहा फुटी माणूस या मापात दोन सेंटिमीटरचा होतो. त्याहून लहान एन मापात, म्हणजे एकास एकशेसाठमध्ये, तो जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. आता गंमत अशी, की मांडणीतल्या बाकी जवळजवळ सगळ्या गोष्टी मापाशी लबाडी करतात. आपल्याकडची चोवीस डब्यांची गाडी एचओ मापात तंतोतंत करायची तर डबेच साडेसहा मीटर भरतील. एवढी खोली कोणाच्या घरात? म्हणून गाडी सहा-सात डब्यांची होते, फलाट आखूड होतो, वळणे खऱ्या इंजिनाला झेपणार नाहीत इतकी तीव्र होतात, आणि डोंगर तर टेकडीएवढाही उरत नाही. माणूस मात्र आखडता येत नाही. फलाट निम्मा चालतो, हमाल निम्मा चालत नाही. त्यामुळे सगळ्या लबाडीत तोच एक प्रामाणिक गज ठरतो. आपण नकळत त्याच्यावरून दरवाजा, जिना, डबा मोजून घेतो. मांडणी करणारे याचाही फायदा उठवतात. मागच्या बाजूच्या टेकडीवर मुद्दाम एन मापाची माणसे ठेवली, की हातभर अंतरावरची टेकडी दूर गेल्यासारखी दिसते.

दुसरी अडचण मापाची नाही, काळाची आहे. गाडी फिरते, माणूस फिरत नाही. गाडी पकडायला धावणारा प्रवासी ठेवला, तर पहिली दोन क्षणे तो धावतो. मग गाडी येते, थांबते, निघून जाते, आणि हा एक पाय हवेत घेऊन तिथेच. त्याचा पुतळा होतो. म्हणून जाणकार मंडळी मुळातच थांबलेली माणसे निवडतात: बाकावर बसलेला, खांबाला टेकलेला, वर्तमानपत्र वाचणारा, गप्पांत रंगलेले दोघे. जर्मनीत रोथेनबुर्गजवळची प्रायझर ही कंपनी १९४९पासून अशी माणसे बनवते. तिच्या यादीत प्रवासी आणि रेल्वे कर्मचारी तर आहेतच, पण वऱ्हाडी, सर्कसवाले, अग्निशामक दलही आहे. रंग न दिलेली माणसेही मिळतात, ती वास्तुरचनाकार आपल्या नमुन्यांत वापरतात.

रंगवताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. चकाकणारा रंग नको, लगेच प्लास्टिक दिसते. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा टाळावा. शेवटी गडद रंगाचे अगदी पातळ पाणी फिरवले, की ते कपड्यांच्या चुण्यांत साचते आणि सावली आपोआप पडते. डोळे काढू नयेत. दोन सेंटिमीटरच्या माणसाला दोन ठिपके दिले, की तो दचकल्यासारखा दिसतो. पायाखालची प्लास्टिकची चकती कापून तळव्यात बारीक तार बसवावी आणि पाय जमिनीला नीट टेकवावेत. केसभर फट राहिली तरी माणूस तरंगतो. एवढे केले तरी हा झाला फक्त एक माणूस. देखावा होतो तो दुसरा माणूस आल्यावर, कोण कोणाकडे पाहते आहे हे ठरल्यावर. खिडकीतली बाई आणि फलाटावरचा पुरुष यांच्या माना जुळल्या तर तो निरोप असतो. त्याची मान थोडी वळवली, तर तो नुसता गाडीची वाट पाहणारा परका.

हाम्बुर्गचे मिनिआटूर वुंडरलांड २००१ साली सुरू झाले. आज तिथे अडीच लाखांहून अधिक माणसे आहेत. सर्वाधिक बोलबाला तिथल्या विमानतळाचा. मला मात्र तिथली दुभंगलेल्या शहराची देखाव्यांची मालिका जास्त महत्त्वाची वाटते. शहराचा एकच तुकडा, युद्धानंतरच्या पडझडीपासून भिंत कोसळेपर्यंत, पुन्हा पुन्हा मांडलेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पीबॉडी गावी जॉर्ज सेलियस यांनी उभारलेल्या मांडणीतही १९३०च्या दशकातल्या मंदीचे शहर आहे. दोन्हीकडे रूळ आणि इमारती काळ दाखवतात खऱ्या, पण तो काळ कोणावर कसा गेला, हे माणसे सांगतात.

आपल्याकडच्या रेल्वेची मांडणी करायला बसणाऱ्याची पंचाईत इथून सुरू होते. बाजारात तयार मिळणारी माणसे बहुतेक युरोप-अमेरिकेच्या पेहरावातली. वाटते, रंग बदलला की झाले. लांब झग्यातली बाई घ्यावी, टिश्यू पेपर पाण्यात पातळ केलेल्या गोंदात भिजवून तिच्याभोवती गुंडाळावा, दहा सेंटिमीटरच्या काठासाठी मिलिमीटरभर रेघ ओढावी, झाले लुगडे. पण फलाटावर ठेवली की ती बाई परकीच दिसते, कारण खरा फरक बसण्या-उठण्यात आहे. त्यांचा प्रवासी बाकावर बसतो, आपला ट्रंकेवर. आपल्याकडे लोक उकिडवे बसतात, मांडी घालतात, वळकटीला टेकून पाय पसरतात. बाकावरच्या माणसाला उकिडवे बसवायचे तर कंबरेत आणि गुडघ्यात पाते चालवून सांधे नव्याने चिकटवावे लागतात. झोपलेली माणसे मात्र आयती मिळतात. समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात पडलेल्यांचे संच असतात, त्यांच्यावर टिश्यूची चादर ओढली की रात्रीच्या गाडीचे प्रवासी तयार. आता त्रिमितीय छपाईने हवी ती ठेवण करून घेता येते, पण ती ठेवण आधी कोणीतरी पाहिलेली असावी लागते.

या छंदात इंजिनाचे रिव्हेटसुद्धा मोजणारे लोक आहेत. त्यांना थट्टेने तसेच म्हणतात. समजा त्यांच्यापैकी कोणी १९४०च्या सुमाराचे जीआयपी रेल्वेचे स्टेशन करायला घेतले. इंजिनाचा क्रमांक, डब्याचा रंग, सिग्नलचा हात, सगळे कागदोपत्री सापडेल. तिसऱ्या वर्गाचे डबे किती भरायचे, याची कल्पना गांधीजींच्या १९१७ सालच्या पुस्तिकेवरून येईल. आणि पाणी? त्या काळी कित्येक स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे मिळे, पाणके वेगळे, भांडी वेगळी. एचओ मापात मडके चार मिलिमीटरचे होते, ते करणे अवघड नाही. एकच पाणक्या उभा केला तर देखावा जास्त गोड दिसतो आणि पाहुण्यांच्या लहान मुलांना काही समजावून सांगावे लागत नाही. दोन उभे केले तर ते एकमेकांपासून किती लांब ठेवायचे, त्यांनी एकमेकांकडे पाहायचे की नाही, आणि तहानलेला प्रवासी कोणाच्या दिशेने वळवायचा, हे गोंद सुकण्याआधी ठरवावे लागते.